दोन-अडीच वर्षांच्या मुलाला भुतांच्या राईडवर न्यावं का, हे कसं ठरवायचं

राईडच्या दारात उंचीची पट्टी असते. मुलाला तिथे उभं करायचं, डोकं रेघेच्या वर गेलं की आत सोडतात. भुतांच्या संथ राईडवर बऱ्याचदा ही पट्टीसुद्धा नसते, आणि नेमकी तिथेच आईबाबांची गल्लत होते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये १९६९ पासून सुरू असलेल्या 'हाँटेड मॅन्शन'ला उंचीची कसलीही अट नाही, कडेवरचं बाळसुद्धा नेता येतं. डिस्नीच्याच, लिफ्ट उंचावरून एकदम खाली सोडणाऱ्या 'टॉवर ऑफ टेरर'ला मात्र १०२ सेंटिमीटर उंची लागते. यावरून पहिली राईड लहानांची आणि दुसरी मोठ्यांची, असं लोक धरून चालतात. पण पट्टी फक्त शरीराबद्दल बोलते. सुरक्षेचा बार मांडीवर नीट बसेल का, झटका बसला तर मूल खालून सटकणार नाही ना, एवढंच ती तपासते. मूल आत जाऊन घाबरेल का, हे तिला माहीत नसतं. ते आपल्यालाच शोधून काढावं लागतं, आणि ते घरी बसून बरंचसं शोधता येतं.

मला दोन मुलं आहेत आणि दोघांच्या भीतीचं एकमेकांशी काही नातं नाही. थोरल्याला आवाज सोसत नाही. सार्वजनिक टॉयलेटमधला हात वाळवायचा ड्रायर सुरू झाला की तो कान दाबून बाहेर पळायचा. सांगाडे मात्र त्याला मनापासून आवडायचे, एकेका हाडाकडे बोट दाखवून हे काय, ते काय, असं विचारत बसायचा. धाकटीला आवाजाचं काही वाटत नाही, फुगा फुटला की ती दुसरा फोडायला मागते. पण मुखवटा घातलेला माणूस जरा जवळ आला की ती माझ्या मानेत तोंड खुपसते आणि तो दिसेनासा होईपर्यंत वर बघत नाही. एकाच राईडबद्दल या दोघांसाठी माझं उत्तर वेगळं होतं. त्यामुळे 'लहान मुलांना चालते का?' असं मी कुणाला विचारत नाही. या मुलाला, आजच्या वयात, या राईडमधलं नेमकं काय जड जाईल, असा प्रश्न घातला की उत्तर मिळायला लागतं.

वय वाढलं म्हणून भीती कमी होत नाही

वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाला भूत म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. कवटी त्याच्या लेखी एक पांढरा गोल आकार. ते दचकतं ते एकदम झालेल्या मोठ्या आवाजाने, आधार सुटल्याच्या भावनेने किंवा अनोळखी चेहरा अगदी जवळ आल्याने. छातीशी घट्ट धरलं की बहुधा थोड्या वेळात सावरतं. दोन वर्षांच्या आसपास मुखवटे आणि मोठ्या डोक्यांच्या पोशाखातली पात्रं त्रास द्यायला लागतात, कारण चेहरा झाकला तरी आतला माणूस तोच राहतो, हे त्या वयात अजून पक्कं झालेलं नसतं. आणि तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे कल्पनाशक्तीला धुमारे फुटतात. अंधाऱ्या कोपऱ्यात कुणी बसलेलं असू शकतं, हे मुलाला तेव्हा सुचायला लागतं. खरं काय आणि खोटं काय, हे मात्र त्याला अजून नीट वेगळं करता येत नाही.

म्हणजे जे बाळ गेल्या वर्षी भुतांच्या घरातून जांभया देत बाहेर पडलं, तेच यंदा त्याच दारात हंबरडा फोडू शकतं. ते मागे गेलेलं नाही, उलट त्याची समज वाढली आहे. 'गेल्या वेळी तर काहीच झालं नव्हतं' हा पुरावा म्हणून चालत नाही. दर वेळी नव्याने बघावं लागतं.

राईडचे तुकडे करून बघा

'भीतिदायक' हा शब्द काही उपयोगाचा नाही. त्याऐवजी मी राईडचे तुकडे करते: अंधार किती आणि किती वेळ, आवाज किती मोठा, अचानक काय उसळून येतं, चेहरे किती जवळ येतात, आणि मध्येच बाहेर पडायची सोय आहे का. यातल्या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त वजन देते. लहान मूल भीतीतून सुटतं ते मुख्यतः तिथून दूर जाऊन. रांगेत रडलं तर मागे फिरता येतं. गाडीत बसल्यावर नाही.

हाँटेड मॅन्शनचंच उदाहरण घेते, कारण तुकडे करायला ते फार चांगलं आहे. बहुतेकांना वाटतं की खरी परीक्षा गाडीत बसल्यावर. पण सगळ्यात कठीण जागा त्याच्या आधीच येऊन जाते. सुरुवातीला सगळ्यांना एका खोलीत उभं करतात, दारं बंद होतात, भिंती ताणल्यासारख्या उंच होत जातात, मग दिवे जातात, वीज कडाडते, वर छताजवळ फासाला लटकलेली आकृती दिसते आणि किंकाळी ऐकू येते. कॅलिफोर्नियात ही खोली खरं तर खाली जाणारी लिफ्ट आहे, फ्लोरिडातल्या डिस्नीच्या हाँटेड मॅन्शनमध्ये छत वर सरकतं. दोन वर्षांच्या मुलाला यातलं काही कळत नाही. त्याच्या वाट्याला येतात ती मोठ्या माणसांच्या पायांची गर्दी, काळोख आणि किंचाळणं. म्हणून या खोलीत मुलाला खाली उभं करू नये, आत शिरतानाच कडेवर घ्यावं. खोलीत न थांबता पुढे जाता येईल का, हे दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी विचारावं. विचारायला काहीच लागत नाही.

त्यानंतरचा सात-आठ मिनिटांचा गाडीतला भाग कितीतरी सौम्य आहे. गाड्या एकाच साखळीला जोडलेल्या असतात आणि मंद सरकतात. मोठ्या दालनात नाचणारी पारदर्शक भुतं लांबून दिसतात, गाणी वाजतात, आणि ज्या मुलांना आकृत्या आवडतात ती तिथे खूश होतात. पुढे स्मशानाच्या दृश्यात काही आकृत्या एकदम वर उसळतात, तेवढा भाग सांभाळायचा. गाडीबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. एक, ती स्वतःच वळते आणि बसणाऱ्याला नेमक्या दृश्यासमोर आणून उभं करते, त्यामुळे 'तिकडे बघू नकोस' म्हणून भागत नाही, डोळ्यांवर हात ठेवायची तयारी हवी. दुसरी, तिच्या पाठीतच स्पीकर आहेत, म्हणजे आवाज लांबून न येता कानाशीच येतो. माझ्या थोरल्याला चित्रांपेक्षा हा स्पीकरच जड गेला असता, हे मला व्हिडिओ बघतानाच कळलं होतं, म्हणून त्याचे इयरमफ बॅगेत होते.

एकाच कुळातल्या राईडसुद्धा सारख्या नसतात. पॅरिसच्या डिस्नीलँडमधला 'फँटम मॅनर' (१९९२) याच धर्तीवरचा असला तरी जास्त काळवंडलेला आहे. हाँगकाँगच्या 'मिस्टिक मॅनर'मध्ये (२०१३) तर भुतं नाहीतच, एक माकड जादूची संगीतपेटी उघडतं आणि वस्तू जिवंत होतात. जुना वाडा आणि अंधार असूनही लहान मुलाची पहिली ओळख म्हणून मी तो आधी निवडेन.

ज्या ठिकाणी पायी चालत जायचं असतं आणि वेष घेतलेली खरी माणसं अंगावर येतात, तिथे या वयाचं मूल नेऊच नये. त्यावर विचार करण्यासारखंही काही नाही. युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कचा 'हॅलोविन हॉरर नाइट्स' हा कार्यक्रम १३ वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य नाही, असं पार्क स्वतःच सांगतं. यंत्र तरी ठरलेल्या वेळी ठरलेलंच करतं, माणूस आपल्या किंचाळण्यावर आणखी जवळ येतो.

घरी करायच्या तपासण्या

आता व्हिडिओ. जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध राईडचं संपूर्ण चित्रण बघायला मिळतं. पहिल्यांदा ते एकटीने बघावं, आवाज बंद ठेवून. मग हेडफोन लावून पुन्हा. कोणत्या मिनिटाला काय येतं ते कागदावर टिपून ठेवावं: इथे दार आपटतं, इथे वीज, इथे डावीकडून चेहरा. हा कागद नंतर फार कामाला येतो, कारण आत बसल्यावर मुलाच्या कानात 'आता मोठा आवाज येणार हं, ढूम!' असं आधी सांगता येतं. जे येणार हे माहीत आहे, ते निम्म्याने सोपं होतं.

त्यानंतर व्हिडिओ मुलाला दाखवा, दिवसाउजेडी, मांडीवर बसवून, आवाज कमी ठेवून. पडद्याकडे बघू नका, मुलाकडे बघा. बोटं मिटली का, खांदे वर गेले का, नजर तुमच्याकडे वळली का, की 'पुन्हा लाव' म्हणतंय? एवढं असूनही या परीक्षेवर पूर्ण विसंबू नये. कॅमेरा अंधार उजळ करून दाखवतो. आवाजाचं बटण आपल्या हातात असतं. गार वाऱ्याचा झोत, धुराचा वास, गाडीचा हिसका यातलं काही पडद्यातून येत नाही. व्हिडिओ बघून मूल रडलं तर उत्तर 'नाही' हे नक्की. नाही रडलं, तर उत्तर अजून मिळालेलं नाही एवढंच.

म्हणून आणखी थोडं तपासावं. ड्रायरचं मी सांगितलंच, मिक्सर किंवा व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाल्यावर मूल काय करतं तेही बघा. अंधारासाठी खोलीतले दिवे घालवून टॉर्च घेऊन खेळा, टॉर्च मुलाच्या हातात द्या, मग थोडा वेळ तुमच्या हातात घ्या. गाडी बोगद्यात शिरली की ते कसं बसतं? अचानकपणासाठी बुवा-कुक सगळ्यात चांगलं. 'बुवा' आणि 'कुक'मधला वेळ हळूहळू वाढवत न्या. वाट बघण्यातली मजा ज्याला कळली आहे ते मूल खदखदून हसतं. ज्याला नाही कळली ते रडवेलं होतं आणि तुमचे हात ओढून चेहरा उघडा करतं. मुखवट्यासाठी, मुलाच्या देखत कागदी मुखवटा चेहऱ्यावर लावा आणि काढा, मग त्याच्या हातात द्या. धाकटी माझा मुखवटा ओढून काढायची, पण स्वतः लावायला कधीच तयार व्हायची नाही. तेवढ्यावरून मला कळलं की पुतळे आणि बाहुल्या तिला चालतील, पोशाखातली माणसं चालणार नाहीत.

झगमगणाऱ्या दिव्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश, प्रकाशामुळे फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्या माणसांना घातक ठरू शकतो. मुलाला कधी फिट आलेली असेल, तर स्ट्रोब लाइट असलेली राईड डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. दारावरच्या फलकावर ही सूचना लिहिलेली असते, ती वाचायला थांबा.

प्रत्यक्ष त्या दिवशी

आधी बाहेर पडायच्या दारापाशी जाऊन थोडा वेळ उभे राहा. कोणत्याही परीक्षणापेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवते. बाहेर येणाऱ्या लहान मुलांचे चेहरे बघा. तुमच्या मुलाएवढी मुलं दिसतात का? हसताहेत, की आईच्या खांद्यावर तोंड लपवून येताहेत? मोठी भावंडं किंचाळत हसताहेत याला अर्थ नाही, फक्त आपल्या मुलाच्या वयाची मुलं बघायची. मग आत जायच्या दारापाशी जाऊन बाहेर येणारा आवाज ऐका. मूल तिथेच पाय मागे घेत असेल तर विषय संपला.

शक्य असेल तर आधी एकट्या मोठ्या माणसाने आत जाऊन यावं. दोघं असाल तर एकाने मुलाबरोबर बाहेर थांबून नंतर जागा बदलायची सोय डिस्नीमध्ये 'रायडर स्विच' नावाने, युनिव्हर्सलमध्ये 'चाइल्ड स्वॅप' नावाने असते आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही मुख्यतः उंचीची अट असलेल्या राईडसाठी आहे, पण इतर ठिकाणी विचारून बघायला हरकत नाही.

वेळ निवडताना झोपेची आणि जेवणाची वेळ टाळा. भुकेलेल्या मुलाला साधी कारंजीही सोसत नाहीत. आणि उन्हाचा विचार करा. लख्ख उजेडातून एकदम आत गेलं की डोळ्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे पहिली काही मिनिटं राईड असते त्याहून कितीतरी काळी दिसते. आधी सावलीत किंवा एखाद्या मंद उजेडाच्या दालनात थोडा वेळ घालवा, किंवा संध्याकाळी जा. त्याच पार्कमधली एखादी शांत, बंदिस्त बोटीची राईड आधी केली तर अंधार आणि सरकती गाडी या दोन गोष्टी मुलाच्या परिचयाच्या होतात, भूत तेवढं नवं उरतं.

गाडीत मुलाला दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. एकच मोठं माणूस असेल, तर दृश्यं कोणत्या बाजूला आहेत ते टिपणावरून बघून मूल दुसऱ्या बाजूला. बार मोठ्या माणसाच्या मांडीवर अडकतो आणि मुलाच्या पुढे मोकळी जागा राहते, तेव्हा एक हात कायम त्याच्याभोवती हवा. डोळे मिटले तरी चालतं, कान झाकले तरी चालतं, हे बसण्याआधीच सांगून ठेवा आणि एकदा करून दाखवा.

आणि तुमचा चेहरा. १९८५ साली जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. काचेच्या टेबलाखाली खोलगट भाग दिसत होता, पलीकडे आई उभी होती. पुढे जावं की नाही हे बाळाला ठरवता येईना, की ते आईच्या चेहऱ्याकडे बघायचं. आईने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पलीकडे गेली. भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. अंधाऱ्या गाडीत मूल अगदी हेच करतं, मान वर करून तुमच्याकडे बघतं. म्हणून गंमत म्हणूनही 'अगं बाई, भूत आलं!' असं ओरडू नये. साध्या आवाजात, रोजच्यासारखं बोलत राहावं: 'तो बघ दिवा. ती बघ खुर्ची हलते आहे.' तुम्हालाच अशा राईडची मनापासून भीती वाटत असेल, तर मुलाबरोबर दुसऱ्या कुणाला पाठवा. हे मी अगदी कळकळीने सांगते.

'हो' आणि 'नाही' ओळखणं

दोन वर्षांचं मूल 'गाडीत बसायचं?' या प्रश्नाला हो म्हणणारच. त्याने गाडीला हो म्हटलंय, भुताला नाही. त्यामुळे तोंडचा होकार धरू नका, अंग काय सांगतंय ते बघा. रांगेत पुढे ओढत नेतंय, बोट दाखवतंय, बडबडतंय, हा होकार. मुठीत तुमचा कपडा घट्ट धरलाय, एकदम बाळासारखं बोलायला लागलंय, शू लागली असं पुन्हा पुन्हा म्हणतंय, हा नकार.

सगळ्यात फसवं असतं ते गप्प बसणं. पुष्कळ आईबाबा बाहेर येऊन म्हणतात, 'अजिबात रडला नाही, किती शहाणा!' पण भीतीने थिजलेलं मूलही रडत नाही. ते डोळे विस्फारून ताठ बसतं, हाक मारली तर ओ देत नाही. शांत बसलेलं मूल सैल असतं, पाय हलवतं, मध्येच काहीतरी विचारतं. हा फरक बघायची सवय ठेवा आणि थिजलेलं दिसलं तर त्याच दिवशी दुसरी फेरी करू नका, मुलाने मागितली तरीसुद्धा.

नकार दिसला की रांगेतून बाहेर पडा. रांग कितीही लांब लावलेली असो. बरोबरचे आजी-आजोबा, काका, दादा-ताई 'काही होत नाही रे, घाबरट आहेस का?' म्हणतील, तेव्हा मुलाच्या देखतच सांगा की याला आत्ता नको आहे, आम्ही बाहेर थांबतो. 'घाबरट' हा शब्द मुलाला चिकटला की पुढच्या वेळी ते भीती सांगायचंच बंद करतं, आणि मग आपल्याला ठरवायला काही साधनच उरत नाही. याच कारणासाठी घरी जेवत नाही, झोपत नाही म्हणून बागुलबुवाची धमकीही देऊ नये. ज्या मुलाला बागुलबुवा येऊन घेऊन जातो असं सांगितलंय, त्याच्यासाठी भुतांची राईड हा खेळ राहत नाही.

आत असताना आणि नंतर

राईड मध्येच थांबू शकते. साखळीच्या गाड्या एखाद्या प्रवाशाला चढायला वेळ लागला तरी मंदावतात किंवा थांबतात, त्यात बिघाड असेलच असं नाही. मुलाला हे आधीच सांगून ठेवा: 'कधीकधी गाडी थांबते, मग पुन्हा निघते.' थांबल्यावर मुलाला उचलून बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, घोषणा होईपर्यंत बसून राहा. या वेळी टिपणातला पुढचा भाग गोष्टीसारखा सांगता येतो.

बाहेर आल्यावर लगेच 'मजा आली ना?' असं विचारू नका, मूल तुमचंच उत्तर तुम्हाला परत देईल. 'काय काय होतं आत?' असं विचारा आणि त्याचं ऐका. पुढचे काही दिवस ते खेळात भूत होईल, पांघरुणाखालून भॉक करेल, बाहुलीला घाबरवेल. ते त्याचं पचवणं आहे, चालू द्या. भूत म्हणूनच खेळात सामील व्हा आणि त्याच्या हातून पळून जा.

जरा मोठ्या, तीन-साडेतीनच्या मुलाला ते कसं केलंय हे दाखवता येतं. हाँटेड मॅन्शनच्या दालनातली पारदर्शक भुतं ज्या युक्तीने दिसतात, ती जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली लंडनमध्ये रंगमंचावर लोकांना दाखवली होती: तिरपी मोठी काच, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उजेडात ठेवलेली आकृती, जिचं प्रतिबिंब काचेत पडतं. रात्री खिडकीच्या काचेसमोर खोलीत त्याची बाहुली धरा आणि तिच्यावर टॉर्च पाडा. काचेपलीकडच्या काळोखात बाहुली तरंगताना दिसेल. मग टॉर्च मुलाच्या हातात द्या, त्यालाच ती घालवू दे आणि परत आणू दे. थोरल्याने हा खेळ इतका केला की बाहुली लपवून ठेवावी लागली.

एखाद-दुसरी रात्र मूल दचकून उठलं किंवा दिवा लावून ठेवायला सांगितलं तर घाबरून जायचं कारण नाही, दिवा ठेवा. पण दोन-तीन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, दुसऱ्या खोलीत एकटं जायला तयार नसेल किंवा अंथरुणात शू करायची सुटलेली सवय परत आली असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना सांगा, आणि सांगताना ती टिपणाची चिठ्ठीही बरोबर न्या. नेमकं काय बघितलं, हे मुलाला सांगता येत नाही, तुम्हाला येईल.